बारा चाळीसची मागणी

सोमवार, ३ मार्च २०२५. निपाणी

नवी जागा, म्हणून नवी वही. सकाळी साडेनऊला टेम्पो वखारीच्या दारात लागला. चार सर्व्हर, बॅटऱ्यांची दोन खोकी, एक एसी, एक गादी, चहाचं पातेलं आणि बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर, एवढा माझा संसार. हमाल म्हणाला, आप्पा, एवढं जपून उतरवायला ह्यात काय आंबं हायत का. मी म्हटलं, आंबेच आहेत, फक्त वास येत नाही. तो हसला, मीही हसलो. बोहनी चांगली झाली.

ही तंबाखूची जुनी वखार. भिंती दोन हात जाड, खिडक्या बेताच्या, बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत माठातल्यासारखा गारवा. मशीनला असंच घर लागतं. तंबाखू जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी पहिल्या श्वासाला नाक झिणझिणतं. माझी आई गंगव्वा इथंच तंबाखू चाळायला येत असे. मी सहा-सात वर्षांचा असताना तिच्याबरोबर यायचो, पण मला पुढच्या चौकाच्या आत कधी जाऊ दिलं नाही. आज त्याच दाराला मी माझं कुलूप लावलं. वय त्रेपन्न. खांबावर चढून केबलच्या वायरी ओढल्या, बोरगावात दोन कॉम्प्युटरवर कॅफे चालवला, आता चाळीस गिऱ्हाइकांच्या वेबसाईट माझ्या मशीनवर राहतात. शाळा आहेत, पतसंस्था आहेत, एक वधूवर मंडळ आहे. मोठ्या कंपन्यांकडे स्वस्तात होतं हे त्यांनाही ठाऊक आहे. पण इथल्या माणसाला आपला माल कुठं ठेवलाय ते डोळ्यांनी बघायचं असतं आणि रागावायला समोर माणूस लागतो. तो माणूस मी.

जागा विकणारे आण्णाप्पा हाच धंदा इथं सहा वर्षं करत होते. त्यांचं एक जुनं मशीन आणि त्यांची दहा-बारा गिऱ्हाइकं त्यांनी मलाच दिली. किल्ल्या दिल्या, उभ्याउभ्या सगळं दाखवलं, चहाला थांबले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, की जुन्या मशीनचं सेटिंग हाय तसं ऱ्हाऊ द्या, हलवू नगा. मी म्हटलं बरं.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी आईचा बेळगावच्या टिळकवाडीहून फोन. ती तिथं माझ्या मुलीकडे, सुनयनाकडे असते. विचारत होती, की वखारीत तू नेमकं काय ठेवणार. मी किती वेळा सांगितलंय, पुन्हा सांगितलं. इथं लिहूनही ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी वाचून दाखवता येईल.

कुणाच्या तरी मोबाईलमध्ये ब्राउझर असतो. तो गिऱ्हाईक. माझं मशीन म्हणजे वखारीची खिडकी. ब्राउझरला आधी फक्त नाव माहीत असतं, म्हणून तो नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या एका मशीनला पत्ता विचारतो. मग त्या पत्त्यावर येऊन हाक देतो. खिडकीतून 'हां, बोला' आलं तरच तो काय पाहिजे ते सांगतो, नाहीतर पुढचं बोलणंच होत नाही. 'हां' आलं की म्हणतो, अमकं पान द्या. सर्व्हर आधी एक आकडा सांगतो, मग माल देतो. दोनशे म्हणजे सापडलं, घ्या. चारशे चार म्हणजे असलं काही आमच्याकडे नाही. पान अख्खं एका फटक्यात जात नाही. आधी नुसता सांगाडा जातो, तो बघून ब्राउझर एकेक तुकडा मागतो: फोटो, रंग, अक्षरांचं वळण. मिळालेले तुकडे तो स्वतःजवळ ठेवून घेतो, पुढं लागतील म्हणून. बरोबर एक चिठ्ठीही देतो, की मी कोण आणि मला कुठल्या भाषेत पाहिजे. आमच्याकडे निम्म्यांच्या चिठ्ठीवर मराठी, निम्म्यांच्या कन्नड. सर्व्हर दोघांनाही देतो, भांडत नाही. आणि प्रत्येक मागणीची एक ओळ लॉगमध्ये पडते.

आई म्हणाली, म्हणजे इचारंल त्येला ओ द्यायची, एवढंच का रं सत्या. मी म्हटलं, एवढंच.

माझे कान लहानपणापासून तिखट. पंख्यांच्या आवाजावरून मला कळतं कुणाकडे गर्दी आहे. वधूवर मंडळ असलं की फोटो जास्त, मग पंखे लांब सूर धरतात. शाळेचा निकाल लागला की एकदम किंचाळतात.

गल्ली मात्र तुसडी आहे. समोर भरमूची पिठाची गिरणी. दुपारी साडेबाराला गिरणी बंद झाली, दारं लागली, सव्वा वाजता पुन्हा उघडली. मधल्या वेळात भरमू कट्ट्यावर दिसला म्हणून मी नमस्कार घातला. तोंड फिरवलं. पलीकडच्या खिडकीतल्या बाईनं माझ्याकडे बघत बघत खिडकी ओढून घेतली. तंबाखू चाळणारणीचा पोरगा वखारीचा मालक झालेला काहींना पचत नाही, हे मला नवं नाही. मी उद्याही नमस्कार घालणार.

गुरुवार, ६ मार्च

एक गंमत सापडली. जुन्या मशीनवर आण्णाप्पांनी एक नियम घालून ठेवलाय, की अमक्या पत्त्यावरून हाक आली तर गप राहायचं. मोजणी बघितली तर सहा वर्षांत दोन हजारांवर हाका. रोज एक, रोज दुपारी बारा चाळीसला, एक मिनिट इकडे नाही तिकडे नाही. पत्ता बाहेरचा नाही, घरच्या घरात वापरतात तसल्या आकड्यांतला. म्हणजे वखारीतच कुठंतरी जुना कॅमेरा किंवा प्रिंटर जोडलेला राहिलाय आणि बिचारा रोज विचारतोय. काय मागतोय ते कळायला मार्ग नाही, कारण 'हां' म्हटल्याशिवाय तो सांगणार नाही, आणि मशीन त्याला 'हां' म्हणत नाही.

नकार दोन तऱ्हांनी देता येतो. एक, नाही म्हणून सांगायचं. दुसरी, ऐकूच न आल्यासारखं बसायचं. मग हाक देणारा दारात ताटकळतो आणि दमून जातो. ही दुसरी तऱ्हा मला आवडत नाही. आई दुपारी पाणी मागायला ह्याच वखारीच्या खिडकीशी उभी राहायची. मी तिच्या पदराला. आत माणूस असायचा. तो नाही म्हणायचा नाही. काहीच म्हणायचा नाही. जसं काही तिथं कुणी उभंच नाही. नाही म्हणाला असता तर आम्ही आडावर गेलो असतो. तो गप बसायचा म्हणून आम्ही उन्हात थांबायचो. तेव्हाच ठरवलं होतं, की माझ्या दारात कुणीही आला तरी त्याला उत्तर मिळेल. नाही असेल तर नाही, पण तोंडानं.

सेटिंग हलवू नका म्हणाले होते. पण मशीन आता माझं आहे. नियम पुसला.

शुक्रवार, ७ मार्च

बारा चाळीसला मशीनशीच बसलो होतो. हाक आली, मशीननं हां म्हटलं, मागणी आली. पंख्यांनी एक सूर धरला तो मी ह्याआधी ऐकलेला नाही; खालचा, दम धरून ठेवल्यासारखा. लॉगमध्ये ओळ पडली. पान कुठलं ते लगेच वाचता येईना, कारण पत्त्यात देवनागरी अक्षरं आली की मशीन त्यांची टक्क्याची चिन्हं आणि आकडे करून ठेवतं. चिठ्ठी कोरी. मी कोण, काही नाही. भाषा कुठली, काही नाही.

उत्तर गेलं चारशे दहा. चारशे चार असतं तर मला काही वाटलं नसतं. चारशे दहा म्हणजे होतं, आता राहिलं नाही. ते सर्व्हर आपण होऊन सांगत नाही, कुणीतरी तसं लिहून ठेवावं लागतं. मी लिहिलेलं नाही. आण्णाप्पांनी ठेवलं असेल.

तरी बरं वाटलं. बिचाऱ्याशी सहा वर्षांनी कुणीतरी बोललं.

शनिवार, ८ मार्च

आज दुसरी मागणी, वेगळी, थोडी आखूड. पुन्हा चारशे दहा.

कॅमेरा शोधायचा म्हणून वायर धरून निघालो. पुढच्या खोलीतून चौकात, चौकातून मागच्या खोलीत. पूर्वी तिथं पोत्यांची थप्पी लागायची. आता रिकामी, जमीन झाडलेली. वायर भिंतीतून कमरेएवढ्या उंचीवर बाहेर येते आणि तिथंच संपते. टोक मोकळं, कशालाच जोडलेलं नाही. हात लावला तर ओलं लागलं, तोंडात धरून ठेवल्यासारखं.

उंदीर असतील. पिंजरा आणला पाहिजे.

बाहेर आलो तर भरमू दारात उभा. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला. विचारलं, की कोण ओ म्हनलं काल दुपारी. मी म्हटलं, कुणी नाही. त्यानं पायरीवर पिचकारी टाकली आणि म्हणाला, आमी पंचेचाळीस वरसं गप हाय, आन तुला लई बोलायची हौस व्हय रं. उत्तर द्यायच्या आत गेला.

रविवार, ९ मार्च

आई आली. सुनयनानं सकाळच्या गाडीत बसवून दिली. मी स्टँडवरून रिक्षानं आणली. पाऊणशे वर्षांची, पण रिक्षावाल्याला अजून दम देते. वखारीच्या दाराशी मात्र पाय थांबले. उंबऱ्याबाहेर उभी. मी म्हटलं, आई, आता खिडकीशी नाही थांबायचं, मालकीण म्हणून आत यायचं. ती म्हणाली, हितनंच बघितलं की, झालं. मी हात धरून आत नेली. हे मला आयुष्यात एकदा करायचं होतं.

दिवे लागलेली पाच मशीनं बघून म्हणाली, ही लई गप गप बोलत्यात रं. तिचे कानही माझ्यासारखेच. चहा केला, पेढे दिले. बारा वाजल्यापासून ती घड्याळाकडे बघायला लागली. सुनयनाकडं जाऊ, आत्ताच जाऊ, म्हणाली. मी म्हटलं, आठ दिवस राहायचं, मी सुनयनाला सांगितलंय.

बारा चाळीसला पंख्यांचा तो खालचा सूर लागला. आईनं कपातला चहा खाली ठेवला आणि माझ्या दोन्ही कानांवर तळवे दाबले. त्रेपन्न वर्षांच्या माणसाच्या. मी हसलो. तिनं हात काढले नाहीत. तळव्यांना तंबाखूचा वास होता, आणि तिनं तंबाखू सोडून तीस वर्षं झाली.

लॉग बघितला. मागणी तिसरी. उत्तर दोनशे. सापडलं, घ्या.

सोमवार, १० मार्च

आईचा आवाज गेला. सकाळी बोलत होती, मला जेवायला ये म्हणून हाक मारली होती. दुपारी पाणी मागायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, घसा साफ आहे, सूज नाही, काही नाही, धुळीनं होतं. गुळण्या दिल्यात.

बारा चाळीसची मागणी आज लांब होती. कालचीच, आणि पुढं तिरकी रेघ देऊन आणखी काहीतरी. दोनशे.

गल्लीत सगळ्यांनी दाराबाहेर राखेची रेघ ओढलीय. आमच्या दारासमोर नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज दुपारपासून आईला दिसत नाही. उजेड-अंधार तेवढा कळतो म्हणून हातानं सांगते. बेळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात उद्या नेतो.

चार वाजता बसून त्या टक्क्याच्या आकड्यांची अक्षरं करून घेतली. हे मी शुक्रवारीच करायला पाहिजे होतं. पाच ओळी. जशा आहेत तशा लिहितो.

शुक्रवार. मालुबाई. होतं, राहिलं नाही.
शनिवार. मनुबाई. होतं, राहिलं नाही.
रविवार. गंगव्वा. सापडलं, घ्या.
सोमवार. गंगव्वा, तिरकी रेघ, आवाज. सापडलं, घ्या.
मंगळवार. गंगव्वा, तिरकी रेघ, नजर. सापडलं, घ्या.

आधी सांगाडा. मग एकेक तुकडा. हे मीच आठवड्यापूर्वी इथं लिहिलंय.

पहिल्यांदा मनात आलं ते भरमूचं. गल्लीतलं कुणीतरी मुद्दाम छळतंय, आईचं नाव काढलंय. मग आठवलं, वायर कुठं संपते.

आण्णाप्पांना फोन लावला. म्हणाले, मी हलवू नगा म्हनलं हुतं. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे. म्हणाले, मला एवढंच माहीत हाय की रोज कुणीतरी हाक मारतंय, आन मी कधी ओ दिली न्हाय, म्हनून माझी बायकापोरं धड हायत. आता मला फोन करू नगा. नंतर फोन बंद.

बुधवार, १२ मार्च

सकाळी आठला नियम परत घातला. गप राहायचं.

आईला गाडीत बसायला सांगितलं. मान हलवली. नाही. हात धरला तर खांबाला मिठी मारली. मग हातानं लिहायची खूण केली. प्रौढांच्या वर्गात शिकली होती, चाळिशीत. ही वही आणि पेन दिलं, हात पानावर धरला. आंधळ्या हातानं मोठाली अक्षरं काढली, एकावर एक चढलेली. तीन पानं झाली. मला लागलं तेवढं इथं नीट उतरवतो.

जेवणाची सुट्टी होती. बाया चौकात बसलेल्या. शालूबाई मागच्या खोलीत फडकं विसरली म्हणून गेली आणि थप्पी तिच्या अंगावर आली. पोती छातीवर. तिला हाकेला दम पुरेना, म्हणून एकेकीला एकेकदाच हाक मारली. मालू. मनू. गंगव्वा. भर दुपारी न दिसणाऱ्या माणसानं एकदाच हाक मारली तर ओ द्यायची नाही, हे सगळ्या बायांना लहानपणापासून शिकवलेलं. माणूस असेल तर दुसरी मारेल, तिसरी मारेल. तिसरीला उठायचं. बाया भाकरी हातात धरून तिसऱ्या हाकेची वाट बघत बसल्या. कुणालाच दुसरी आली नाही. सव्वा वाजता काम सुरू झालं तेव्हा पोती हलवली, तोवर शालूबाई गेली होती. मालू आणि मनूही मागंच वारल्या.

शेवटच्या पानावर दोनच ओळी आहेत.

चौघास्नी हाक मारली.

तू उठलालतास. मी तुजं कान दाबलं.

शालूमावशी मला गूळ द्यायची. ते आठवतं. हाक आठवत नाही. तळवे आठवतात, तंबाखूचा वास आठवतो. मला वाटायचं, उन्हाची झळ लागू नये म्हणून आई कान झाकायची.

बारा चाळीस. मोजणीवर डोळा ठेवून बसलो, एक हात आईच्या हातावर. हाक आली. मशीन गप राहिलं. रोजच्यासारखं झालं, असं म्हणतोय तोच दुसरी आली. मग तिसरी. मग शांत. सहा वर्षांत रोज एकच होती. ब्राउझरला उत्तर आलं नाही तर तो पुन्हा विचारतो, ती त्याची सवयच असते. पण हिला नव्हती. पाच दिवस मी उत्तर दिलं. उत्तर मिळतं हे हिला कळलं, म्हणून आता पुन्हा मागते.

तुकडा मात्र गेला नाही. आईचे हातपाय आहेत. मशीनचा मुख्य प्लगही उपटला. चाळीस गिऱ्हाइकं बोंबलू देत. सकाळी तिला उचलून गाडीत घालतो, खांब उपटून आणायला लागला तरी.

गुरुवार, १३ मार्च

गाडी साडेअकराला येणार होती. साडेबारा उलटले. टायर पंक्चर. मी कोपऱ्यापर्यंत बघायला गेलो. पाच मिनिटं. फार तर सात.

आई खोलीत नव्हती.

मागच्या खोलीत. ज्या बाईला उजेड-अंधारापलीकडे दिसत नव्हतं ती पायरी उतरून, चौक ओलांडून, भिंतीला हात न लावता गेली; चौकातल्या धुळीत पावलं सरळ होती. जमिनीवर आडवी. पदर नीट. तोंड उघडं, ओठ गोल.

ओ म्हणताना होतात तसे.

प्लग अजून उपटलेलाच होता. मशीन गार होतं.

शनिवार, १५ मार्च

काल सगळं उरकलं. सुनयना विचारते, आजीला काय झालं. मी म्हणालो वय. तिला इथं येऊ दिलेलं नाही. येऊ देणार नाही.

भरमू स्मशानात आला होता, लांब उभा. निघताना जवळ येऊन म्हणाला, झाली न्हवं का हौस. मग खाली बघत म्हणाला, की माझा बा त्या खिडकीत बसायचा, त्येनंबी ऐकलंतं, माझ्या बाचंबी बारा चाळीसलाच झालं. घरला जा, मशीन सोड, वखार सोड.

मशीन सोडीन. पण त्यात लोकांचं आहे. शाळेचे निकाल, लग्नाच्या पोरींचे फोटो. विश्वासानं दिलेलं. उद्या सकाळी येऊन सगळं डिस्कवर उतरवून घेतो आणि बाराच्या आत बाहेर.

रविवार, १६ मार्च

साडेनऊला आलो. दार उघडं ठेवलंय, विटा लावून. चालू केलं. जुन्या मशीनवर नियम जागेवर आहे, तो आधी बघितला. गप राहायचं.

लॉगमध्ये एक ओळ आहे. गुरुवारची. बारा चाळीस. मशीन बंद असताना.

गंगव्वा. होतं, राहिलं नाही.

१०.२० — उतरवणं चालू. अकरा टक्के. डिस्क जुनी, हळू. लिहीत राहतो, म्हणजे कान कुठं जात नाहीत.

११.१५ — अडतीस टक्के. गल्लीतली गिरणी आज सकाळपासून बंद. कुत्रंही नाही.

११.५० — एकोणपन्नास. बाराला उठायचं ठरलं होतं. शाळेचं झालं. वधूवर मंडळ राहिलंय. फोटो फार. आणखी पंधरा मिनिटं.

१२.२० — एकसष्ट. पुरे. उठतो.

विटा सरकल्यात. दार लागलंय. कुलूप बाहेरून नाही, माझ्या खिशात आहे, तरी ढकलून उघडत नाही. भरमूला हाक मारली. दोनदा. समोर खिडकीत माणूस आहे. बघतोय. ऐकतोय. तोंड उघडत नाही — त्याला तरी काय — मला एवढ्या हाका मारायला नको होत्या. तिसरी मारली तर येईल का —

येत नाही. ह्या गल्लीत ह्या वेळेला कुणी —

१२.३४ — सगळे प्लग काढले. पाचही मशीन बंद. पंखे थांबले. इतकं शांत, की पेनचा आवाज —

चौथं नाव राहिलंय. चौघांना मारली होती. लॉगमध्ये तीनच. मशीन नसलं तर विचारणार कुणाला. मशीनला लागतंय कुठं. कान असला की —

कापूस नाही. तळवे दाबतो. मग लिहिता येत नाही.

१२.४०

सत्या.

मागच्या खोलीतून. आईचा आवाज. घसा साफ, जशी सोमवारी जेवायला बोलावत होती. तुकडे घेतले ते जवळ ठेवून घेतलेत —

ही आई नाही. एक हाक. एक हाक म्हणजे माणूस नव्हं. ओ द्यायची नाही. मी लिहितोय. मी नुसता लिहि —

सत्या.

दुसरी. दम लागलाय. छातीवर काहीतरी असल्यासारखा. शालूमावशीला दुसरीचा दम नव्हता. त्या दिवशी मी उठलो होतो. मला कळलं होतं माणूस आहे. सात वर्षांचा होतो आणि मला कळलं होतं —

तीन हाका बुधवारी मीच शिकवल्या. माहीत आहे. मला माहीत आहे. गप राहायचं. दारात आलेल्याला गप राहून — खिडकीशी ती उन्हात — कुणी काहीच म्हणत नव्हतं —

सत्या, पाणी दे की रं.

तिसरी.

ओ आई, आलो, थां